कॅनिस्टर फिल्टर : माध्यमांची निवड

हौशी मत्स्यपालनात टाकीखालच्या कपाटात ठेवायच्या बंद डब्याच्या गाळणीला कॅनिस्टर फिल्टर म्हणतात. पाणी वक्रनलिकेच्या (सायफनच्या) तत्त्वाने डब्यात उतरते, माध्यमांच्या म्हणजे आत भरलेल्या गाळण-पदार्थांच्या थरांतून जाते आणि पंपाने पुन्हा टाकीत चढते. जर्मनीतील एहाइम या कंपनीने (स्थापना १९४९) साधारणपणे १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात आणलेला फिल्टर हा या रचनेचा आद्य नमुना मानला जातो. टाकीबाहेर टांगायचे फिल्टर त्याआधीही होते. म्हणून ‘आद्य’ हे विशेषण बंद डब्यापुरतेच घ्यावे.

स्पंज, सिरॅमिक रिंग, लावा दगड, फिल्टर वूल, कोळसा ही नेहमीची माध्यमे. ती गाळ अडवतात आणि माशांनी टाकलेल्या विषारी अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्या सूक्ष्मजीवांना आसरा देतात. माशांच्या जिवाच्या दृष्टीने दुसरे काम अधिक मोलाचे आहे. हे सूक्ष्मजीव नेमके कोणते, यावर मात्र दीर्घकाळ मतभेद राहिले आहेत.

नायट्रीकरण (अमोनियाचे नायट्रेट होणे) ही जैविक क्रिया आहे हे १८७७ मध्ये थेओफिल श्लोएझिंग व अशील म्युन्त्झ या फ्रेंच संशोधकांनी दाखवले. वाळू व चुनखडीच्या स्तंभातून सांडपाणी झिरपत असताना त्यात अमोनियाचे नायट्रेट होत होते; क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले. आजच्या फिल्टरचे बीज त्या स्तंभात पाहता येते. पुढे सु. १८९० मध्ये सर्गेई विनोग्राद्स्की यांनी मातीतून हे जीवाणू वेगळे केले. त्यानंतर नायट्रोसोमोनास अमोनियावर आणि नायट्रोबॅक्टर नायट्राइटवर काम करतो, अशी मांडणी पाठ्यपुस्तकांत रुजली. ती मातीच्या अभ्यासातून आलेली होती. मत्स्यटाकीला ती तपासणी न करताच लागू केली गेली. टिमथी होवानेक व एडवर्ड डीलाँग यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रेणवीय तपासणीत टाक्यांमध्ये नायट्रोबॅक्टर जवळजवळ आढळला नाही. १९९८ मधील त्यांच्या पुढच्या संशोधनाने गोड्या पाण्यातील नायट्राइटचे काम नायट्रोस्पायरा गटाकडे असल्याचे दाखवले. २००५ मध्ये सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातील एका टाकीतून अमोनियावर जगणारा आर्किया (जीवाणूंहून वेगळे एकपेशीय जीव) गटातील जीव वेगळा करण्यात आला. २०११ मधील अभ्यासात गोड्या पाण्याच्या बऱ्याच फिल्टरांत याच गटाचे प्राबल्य दिसले. २०१५ मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकट्यानेच पार पाडणाऱ्या नायट्रोस्पायराचे वर्णन झाले. त्यातील एक नमुना मत्स्यशेतीच्या पुनर्चक्रण फिल्टरमधला होता. अमोनिया अत्यल्प असलेल्या स्थिर टाकीत आर्किया व नायट्रोस्पायरा यांचा वाटा मोठा असतो, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. बाटलीतून मिळणाऱ्या जीवाणूंच्या मिश्रणांवरील दावे या पार्श्वभूमीवर वाचावेत.

हे सर्व जीव सावकाश वाढतात आणि त्यांना प्राणवायू लागतो. अमोनियारूपी १ ग्रॅम नायट्रोजनच्या पूर्ण नायट्रीकरणाला सु. ४.५७ ग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणून माध्यमाच्या वेष्टनावर छापलेल्या पृष्ठफळाच्या आकड्यावरून निवड करणे योग्य नाही. सच्छिद्र काच किंवा सिरॅमिकच्या आतल्या सूक्ष्म छिद्रांत पाणी खेळत नाही, तिथे प्राणवायू पोचत नाही आणि छिद्रांची तोंडे जैवपटलाने (सूक्ष्मजीवांच्या थराने) लवकरच बुजतात. आतल्या प्राणवायूहीन भागात नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो, असा एक पक्ष आहे. प्रयोगशाळेत तशी परिस्थिती निर्माण करता येते. घरगुती डब्यात तिचा परिणाम अल्पच असावा. त्या मानाने इंचाला २० ते ३० छिद्रांचा साधा स्पंज पाणी मोकळे वाहू देतो, गाळ धरतो, धुता येतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. मध्यम आकाराच्या टाकीत डब्याचा मोठा भाग स्पंजाने भरावा आणि महागड्या रिंगांवर खर्च करण्याऐवजी पाण्याचा वेग टिकवण्याकडे लक्ष द्यावे, हे मत येथे श्रेयस्कर मानले आहे. गादीचा फोम मात्र वापरू नये. त्यात ज्वालारोधक किंवा बुरशीनाशक रसायने असू शकतात.

पुण्यात निवडीचा दुसरा निकष पाण्याच्या उगमातून येतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या धरणांचे पाणी मुख्यतः सह्याद्रीवरच्या पावसाचे असल्याने तुलनेने मृदू असते. बोअरचे पाणी बसाल्टाच्या भेगांतून मुरलेले, बहुधा बरेच कठीण. अनेक उपनगरांतल्या सोसायट्यांत नळ, बोअर आणि टँकर यांचे मिश्रण येते व ते ऋतूप्रमाणे बदलते. वर उल्लेखिलेल्या १ ग्रॅम नायट्रोजनच्या नायट्रीकरणात कॅल्शियम कार्बोनेटाच्या हिशेबात सु. ७.१ ग्रॅम अल्कता (पाण्याची आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता) खर्ची पडते. धरणाच्या मृदू पाण्यात हा साठा लवकर संपतो, पाणी आम्लधर्मी होते आणि नायट्रीकरण मंदावते. जास्त मासे असलेल्या अशा टाकीत जाळीच्या पिशवीतून शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा चुरा ठेवणे हिताचे. बोअरच्या पाण्यात त्याची गरज नाही.

दगडी माध्यमांच्या बाबतीत पुण्याची भूमी विशेष आहे. लावा दगड म्हणून विकला जाणारा हलका, भोकाळ दगड इथल्या घट्ट काळ्या पाषाणाहून वेगळा असतो. दख्खनच्या बसाल्टात वायूच्या पोकळ्या पुष्कळ आहेत. पण त्या बहुतेक ठिकाणी क्वार्ट्‌झ, कॅल्साइट आणि झिओलाइट गटातील खनिजांनी भरून आल्या आहेत. वाघोलीच्या खाणींतील स्टिल्बाइट आणि त्यावर उगवलेले निळे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडले जाते. असा दगड गोळा करून डब्यात भरू नये : त्यातील कॅल्साइट विरघळून पाणी कठीण करतो (व्हिनेगरचा थेंब टाकल्यास फेस येतो), आणि पोकळ्या बुजलेल्या असल्याने दगडाचा उपयोगही थोडा. फिल्टरसाठी विकला जाणारा झिओलाइट बहुधा क्लिनोप्टिलोलाइट असतो. आयन-विनिमयाने (आपल्यातले आयन देऊन पाण्यातले घेण्याने) तो अमोनियम ओढून घेतो, पण मिठाच्या पाण्यात धरलेले अमोनियम सोडून देतो. याच गुणामुळे तो खारवणीत भिजवून पुन्हा वापरता येतो. याच गुणामुळे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर टाकीत मीठ घालायचे झाल्यास झिओलाइट आधी बाहेर काढणे अत्यावश्यक ठरते.

नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रियित कोळसा रंग, वास व औषधांचे अवशेष शोषतो. अमोनियावर तो उपयोगी नाही. औषधोपचार चालू असताना तो काढून ठेवतात. बारीक वूल सर्वांत शेवटच्या थरात असावे व वारंवार बदलावे.

जैविक माध्यमे नळाखाली धुऊ नयेत, कारण महापालिकेच्या पाण्यातील क्लोरीन जैवपटल मारते. पाणी बदलताना टाकीतूनच काढलेल्या पाण्यात ती खळबळावीत आणि सगळी एकाच दिवशी धुऊ नयेत. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सु. ९ मिग्रॅ. प्राणवायू मावतो, ३० अंशांना सु. ७.५ मिग्रॅ.; समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवरच्या पुण्यात आणखी थोडा कमी. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये वळवाच्या वादळाने किंवा दुरुस्तीसाठी वीज गेली, तर बंद डब्यातील प्राणवायू काही तासांतच संपतो. वीज दीर्घकाळ गेली असल्यास पंप सुरू करण्यापूर्वी डब्यातले पाणी ओतून द्यावे. वास कुजका येत असेल तर माध्यमेही टाकीच्या पाण्यात खळबळून घ्यावीत.