झांग दाछियान यांनी पोलॉकची नक्कल केली का?

चिनी शाईचित्रकार झांग दाछियान (१८९९–१९८३) यांच्याबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: परदेशात स्थायिक झाल्यावर त्यांनी जॅक्सन पोलॉक या अमेरिकी अमूर्त चित्रकाराची, कॅनव्हासवर रंग ओतण्याची पद्धत उचलली. हे खरं नाही.

शाई उधळून डोंगर काढणारा वांग मो हा चित्रकार तांग राजवटीतच (सातवं ते दहावं शतक) होऊन गेल्याच्या नोंदी जुन्या चिनी ग्रंथांत आहेत. झांग कागदावर शाई आणि रंग ओतून चित्र काढत, तेव्हा याच परंपरेचा हवाला देत. त्यांचा निळा-हिरवा रंगही अझुराइट आणि मॅलाकाइट या खनिजांचा, तांगकालीन निसर्गचित्रांतला. १९४० च्या दशकात त्यांनी चीनमधल्या दुनहुआंगच्या बौद्ध लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. १९५० मध्ये तर ते आपल्या अजिंठ्यालाही येऊन गेले, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

मग अमूर्त कलेशी संबंधच नाही? तसंही नाही. १९६० च्या दशकात ते ब्राझीलमध्ये राहत आणि युरोप-अमेरिकेत प्रदर्शनं भरवत. तिथली नवी चित्रं त्यांच्या नजरेखालून गेलीच असणार. ओघळ इतके मोकळे सोडायचं धाडस त्यातून आलं असावं, असं मला वाटतं. पण ओघळ वाळले की झांग बारीक कुंचल्यानं एखादं झाड, कड्याखाली दोन-चार घरं काढत, आणि डागाची दरी होई. पोलॉकच्या ओघळांत एक घर शोधून दाखवा!