दोन पट्ट्यांमागची वहिवाट

फ्रान्सच्या ग्रामीण भागात पायी फिरणाऱ्याची सगळ्यात आधी गाठ पडते ती दोन पट्ट्यांशी. वर पांढरा, खाली लाल. एकेक पट्टा जेमतेम दहा सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद. ओक झाडाच्या सालीवर, विजेच्या खांबावर, गावाबाहेरच्या दगडी क्रुसाच्या चौथऱ्यावर, कुठेही ते भेटतात. हेच दोन रंग फुलीसारखे काढलेले दिसले, तर समजायचं की वाट चुकली, मागे फिरा. रंगवणारा माणूस पगारी नसतो. तो आधी ब्रशने साल साफ करतो, सैल झालेला भाग खरवडतो, मग स्टेन्सिल धरून रंग लावतो, आणि काही वर्षांनी साल वाढली की पुन्हा येतो. शेतातून, जंगलातून, दलदलीच्या कडेने जाणाऱ्या अशा खुणांकित वाटा आज देशभर मिळून १,८०,००० किलोमीटरच्या आसपास आहेत.

पर्यटक म्हणून जाणाऱ्याला हे सरकारने आखून दिलेलं काहीतरी आहे असं वाटतं. तसं ते नाही. पट्ट्यांखालची जमीन कुणाची, तिथून चालायचा हक्क कुणी दिला आणि तो उद्या राहील का, हे प्रश्न फ्रान्समध्ये दोनशे वर्षं धुमसत आहेत. अलीकडे खाजगी जंगलांच्या कुंपणांवरून जो कायदा झाला आणि त्यावर जी चिडचिड झाली, तिचं मूळही तिथेच आहे.

वाटा मुळात चालण्याची हौस म्हणून पडलेल्या नव्हत्या. एका वाटेने दळण घेऊन गिरणीला जायचं, दुसरीने रविवारी चर्चला, तिसरीने द्राक्षमळ्यात, चौथीने गुरं कुरणावर न्यायची. गावाच्या खालच्या अंगाला, झऱ्याजवळ, अजूनही धुण्याचा सार्वजनिक हौद दिसतो: वर कौलारू छप्पर, पाण्याच्या काठाला उतरते दगड, आणि गुडघे टेकून कपडे आपटणाऱ्या बायकांच्या पिढ्यांनी गुळगुळीत केलेली कडा. कॉलराच्या साथींनंतर १८५१ मध्ये असे हौद बांधायला सरकारने अनुदान देणारा कायदा केला, म्हणून ते गावोगाव आहेत. घरापासून या हौदापर्यंत जाणारी, दोन्ही बाजूंना झुडपांची कुंपणं असलेली अरुंद वाट आज नकाशावर 'सहलीचा मार्ग' म्हणून दाखवतात. ओल्या कपड्यांच्या ओझ्याखाली वाकून ती तुडवली गेली, हे मला तिच्यावर चालताना विसरावंसं वाटत नाही.

या वाटांचं कायदेशीर वर्गीकरण एकोणिसाव्या शतकात सुरू झालं. २१ मे १८३६ च्या कायद्याने गावांना जोडणारे महत्त्वाचे रस्ते वेगळे काढले आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी गावकऱ्यांना वर्षातून तीन दिवसांचं श्रमदान लावलं. ज्याच्याकडे बैल किंवा गाडी, त्याने ती घेऊन यायचं. उरलेल्या लहानसहान वाटांकडे लक्ष गेलं ते २० ऑगस्ट १८८१ च्या कायद्याने. त्यांना 'शमँ रुराल' म्हणतात, म्हणजे आपल्याकडची पाणंद किंवा शिवरस्ता म्हणता येईल अशी वाट. खरी मेख आली १९५९ मध्ये. त्या वर्षीच्या फेरमांडणीत गावाच्या रस्त्यांचे दोन भाग झाले. ज्यांची रीतसर 'गावचा रस्ता' म्हणून नोंद झाली ते सार्वजनिक मालमत्तेत गेले. ज्यांची झाली नाही त्या सगळ्या वाटा गावाच्या खाजगी मालमत्तेत धरल्या गेल्या.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण खाजगी मालमत्ता विकता येते. एवढंच नाही, शेजारच्या शेतकऱ्याने ती वाट नांगरून तीस वर्षं आपल्या ताब्यात ठेवली, तर कब्जेदार म्हणून तो तिच्यावर मालकी सांगू शकतो. सार्वजनिक रस्त्याला असलेलं संरक्षण या वाटांना नाही. त्यांचा एकच आधार आहे: लोकांची ये-जा. वाट लोकांच्या वापरात आहे असं गृहीत धरायला लोक तिथून जातात एवढा पुरावा कायद्याला पुरतो, आणि वापर थांबला तरच गावाला, चौकशी करून, ती विकता येते. मराठीतला 'वहिवाट' हा शब्द इथे अगदी नेमका बसतो. वाट आणि हक्क, दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत.

करमणुकीसाठी चालण्याची गोष्ट मात्र शेतात सुरू झाली नाही, ती जंगलात सुरू झाली. पॅरिसच्या दक्षिणेला फोंतेनब्लोचं जंगल आहे, पूर्वी राजांच्या शिकारीचं. तिथे क्लोद-फ्राँस्वा देनकूर नावाचा माणूस होता. जन्म १७८८ चा, नेपोलियनच्या सैन्यातला जखमी जवान, पुढे फोंतेनब्लोच्या बराकीचा रखवालदार. राजकीय मतांमुळे ती नोकरी गेली. मग त्याने जंगलाचाच ध्यास घेतला. १८४२ मध्ये त्याने खडकांमधून पहिली वाट आखली आणि झाडांवर, दगडांवर निळ्या खुणा केल्या, म्हणजे एकट्या माणसालाही वाटाड्याशिवाय फिरता यावं. शेकडो झाडांना आणि खडकांना नावं दिली, गुहा मोकळ्या केल्या, छोट्या मार्गदर्शिका छापून विकल्या, आणि स्वतःची पुंजी त्यात घातली. १८४९ मध्ये पॅरिसहून रेल्वे आली आणि रविवारी माणसांचे लोंढे उतरू लागले. १८७५ मध्ये तो गेला तोवर सुमारे १५० किलोमीटरच्या वाटा त्याच्या नावावर होत्या. निळे पट्टे आजही त्या जंगलात आहेत.

त्याच जंगलाच्या कडेला बार्बिझाँ गावात चित्रकारांनी मुक्काम ठोकला होता. जुने ओक तोडून पाइन लावण्याच्या वनखात्याच्या धोरणाविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. तेओदोर रूसो त्यांच्यात पुढे होता. त्याचा परिणाम म्हणून १८६१ मध्ये शाही हुकुमाने १,०९७ हेक्टर जंगल 'कलात्मक राखीव' म्हणून तोडीपासून वाचवलं गेलं. निसर्गाचा एखादा भाग त्याच्या सौंदर्यासाठी कायद्याने राखायचा, असं जगात क्वचितच कुठे याआधी झालं असेल.

पूर्वेकडे, व्होज डोंगरांत, दुसरी परंपरा उभी राहिली. १८७१ मध्ये आल्सास प्रांत जर्मनीकडे गेला होता. पुढच्याच वर्षी साव्हेर्न गावात रिखार्ड श्टीव्ह या न्यायाधीशाच्या पुढाकाराने व्होज क्लब स्थापन झाला. जर्मन शिस्तीने त्यांनी डोंगर पिंजून खुणा केल्या. आयत, त्रिकोण, वर्तुळ, फुली अशी त्यांची स्वतःची चिन्हं आहेत, आणि बाकीच्या देशाने लाल-पांढरे पट्टे स्वीकारल्यावरही त्यांनी ती सोडली नाहीत. व्होजमध्ये लांब पल्ल्याच्या मार्गावरसुद्धा लाल आयत दिसतो तो त्यामुळे.

तरीही हे सगळं हौशी आणि स्थानिक होतं. कष्टकऱ्याला चालायला सवड कुठली? १९२९ मध्ये मार्क सांन्ये यांनी बिएर्व्हिल इथे देशातलं पहिलं युवा वसतिगृह उघडलं. १९३६ मध्ये पॉप्युलर फ्रंट या डाव्या आघाडीच्या सरकारने पगारी रजेचे दोन आठवडे कामगारांच्या पदरात टाकले आणि त्या सरकारातले क्रीडा आणि फुरसतीचे मंत्री लेओ लाग्रांज यांच्या नावाने ओळखलं जाणारं चाळीस टक्के सवलतीचं रेल्वे तिकीट आलं. पाठीला पिशवी लावून, सायकलवर किंवा पायी, तरुण पोरं-पोरी पहिल्यांदाच आपला देश बघायला निघाली. मला या साऱ्या इतिहासातला हा सगळ्यात आनंदाचा क्षण वाटतो.

या पिढीत झाँ ल्वाझो हा आर्किटेक्ट होता. तुटक स्थानिक वाटा जोडून देशभर लांब पल्ल्याचे मार्ग करायचे, त्यांना एकच खूण द्यायची, असं त्याच्या डोक्यात होतं. मध्ये युद्ध आलं. ऑगस्ट १९४७ मध्ये या मार्गांसाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ल्वार नदीच्या काठाने ऑर्लेआँ ते बोझाँसी असा सुमारे २८ किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला. तोच पुढे जीआर ३ चा भाग. जीआर म्हणजे 'ग्राँद रांदोने', दूरची पदयात्रा. नदीच्या बांधावरून, जुन्या नावाड्यांच्या वाटेवरून जाणारा हा टप्पा अगदी सपाट आहे. डोंगर चढण्याचा पराक्रम त्यात नव्हता. बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झालेल्या ऑर्लेआँपासून माणसं शांतपणे चालत गेली, एवढंच.

पण ज्या दशकांत हे स्वयंसेवक वाटा रंगवत होते, त्याच दशकांत खालची जमीन बदलत होती. १९४१ च्या कायद्याने सुरू झालेली शेतजमिनीची तुकडेजोड युद्धानंतर जोरात चालली. ट्रॅक्टरला मोठे, चौकोनी तुकडे हवे होते. दीड कोट हेक्टरांहून अधिक जमिनीची फेरमांडणी झाली. ब्रिटनी आणि नॉर्मंडीत शेतांभोवती मातीचे उंच बांध, त्यांवर झाडांच्या रांगा आणि मधून खोलगट वाटा असत. बुलडोझरने बांध सपाट केले, झाडी गेली, आणि वाट तर मुळात दोन बांधांमधली फट होती. बांध गेल्यावर ती उरणार कशी? यांत्रिक शेतीने फ्रान्सला धान्यसमृद्ध केलं हे खरं आहे. पण गावाच्या नकाशावरून पुसली गेलेली वाट पुन्हा आणता येत नाही, आणि याची जाणीव उशिरा झाली.

ही जाणीव झाली तेव्हा १९७८ मध्ये जुन्या समितीच्या जागी पदभ्रमण महासंघ आला, आणि १९८३ च्या विकेंद्रीकरणाच्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यावर पायवाटांची यादी करण्याची जबाबदारी टाकली. या यादीत आलेली वाट गावाला सहज विकता येत नाही. विकायचीच तर पर्यायी वाट द्यावी लागते. माझ्या मते लाल-पांढऱ्या रंगाइतकीच ही रटाळ वाटणारी यादी महत्त्वाची आहे. जी वाट तिच्यात नाही तिचा वाली तिच्यावर चालणाराच.

पाणथळ प्रदेशांची कहाणी वेगळी, कारण तिथे जमीनच माणसाने घडवली आहे. पश्चिम किनाऱ्याजवळच्या मारे प्वातव्हाँ या दलदलीत पाच मठांच्या साधूंनी १२१७ मध्ये मिळून कालवा खोदला, तो आजही 'पाच मठाधिपतींचा कालवा' म्हणून ओळखला जातो. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने १५९९ मध्ये हम्फ्री ब्रॅडली या बांधतज्ज्ञाला बोलावून राज्यभर दलदली कोरड्या करायचं काम दिलं. आज तिथे कालव्यांच्या काठाने, डोकी छाटलेल्या अ‍ॅश झाडांच्या ओळीतून चालता येतं. मक्याच्या शेतीसाठी ओली कुरणं नांगरली गेली म्हणून १९९० च्या दशकात या प्रदेशाचा प्रादेशिक निसर्गउद्यानाचा दर्जा गेला. तो परत मिळवायला २०१४ उजाडलं.

ल्वारच्या दक्षिणेला ब्रेन नावाचा तळ्यांचा मुलूख आहे. वाळूमिश्रित, निकृष्ट जमिनीत मध्ययुगात साधूंनी आणि सरदारांनी कार्प माशांसाठी बांध घालून तळी केली. शरद ऋतूत तळ्याच्या तळाचं दार उघडतात, पाणी हळूहळू उतरतं, आणि चिखलात उभे राहून जाळ्याने मासे गोळा करतात. हा प्रकार आजही चालू आहे. सगळ्यात मोठ्या तळ्याचं नाव 'तांबडा समुद्र'. क्रुसेडहून परतलेल्या सरदाराने ते दिलं असं सांगतात. पण तळी बहुतेक खाजगी. काठाने हवं तिथे जाता येत नाही, बांधावरच्या आखलेल्या वाटेने जावं लागतं. याच्या अगदी उलट ब्रिएर: ल्वारच्या मुखाजवळची ही दलदल १४६१ च्या ब्रिटनीच्या ड्यूकच्या सनदेपासून तिथल्या रहिवाशांच्या सामाईक मालकीची आहे, आणि आज २१ गावांचे लोक तिचे भागीदार आहेत. दोन्हीकडे पाणी, लव्हाळे, बगळे सारखेच. मालकीमुळे चालणाऱ्याचा अनुभव बदलतो.

मालकीचा प्रश्न सगळ्यात टोकदार झाला तो सोलोन्यमध्ये, त्या पहिल्या जीआर टप्प्यापासून नदीपलीकडे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा हिवतापाचा, दरिद्री, साचलेल्या पाण्याचा भाग होता. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने तिथे स्वतः जमिनी घेतल्या, पाण्याचा निचरा केला, कालवा खणला, पाइन लावले. ताप गेला, रेल्वे आली, आणि पॅरिसचे धनिक शिकारीसाठी रानाच्या मोठमोठ्या वाड्या घेऊ लागले. फ्रान्समधलं तीन चतुर्थांश जंगल खाजगी आहे. सोलोन्यमध्ये ते विशेष जाणवतं. गेल्या काही दशकांत या वाड्यांना दोन-दोन मीटर उंचीच्या जाळ्या लागल्या. आत रानडुकरं आणि हरणं कोंडलेली, बाहेर तारेच्या दोन भिंतींमधून जाणारी सार्वजनिक वाट. वाट कायद्याने शाबूत, पण जंगलात चालल्याची भावना कुठे राहिली?

२ फेब्रुवारी २०२३ च्या कायद्याने जाळ्यांची उंची १.२० मीटरवर आणली, खाली प्राण्यांसाठी ३० सेंटिमीटर मोकळी जागा सक्तीची केली, आणि तीस वर्षांच्या आतल्या जुन्या कुंपणांनाही १ जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली. त्याच कायद्यात दुसरं कलम आलं: पाटी लावलेल्या खाजगी रानात शिरणं आता दंडाचा गुन्हा, रक्कम १३५ युरो. कुंपण उतरवायला लावायचं तर मालकांना काहीतरी द्यायला हवं, असा हा सौदा होता. गिर्यारोहक आणि पदयात्री संघटना यावर अजून नाराज आहेत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. हरणाला मोकळीक मिळाली आणि माणसाला दंड.

याच सुमारास दुसरीकडे एक संथ काम चालू झालं आहे. फेब्रुवारी २०२२ च्या एका कायद्याने गावांना आपल्या वाटांची मोजदाद करायला उत्तेजन दिलं. गावाने तसा ठराव केला की वाट बळकावण्याचं तीस वर्षांचं घड्याळ दोन वर्षांपर्यंत थांबतं. मग एकोणिसाव्या शतकातला, नेपोलियनने सुरू केलेल्या जमीन मोजणीचा नकाशा काढायचा, शेजारी आजचा १:२५,००० चा नकाशा ठेवायचा, आणि रबरी बूट घालून बघायला जायचं: गिरणीकडची वाट अजून आहे का, मक्यात गेली का, काटेरी झुडपांत बुजली का. बुजली असेल तर कोयती घेऊन पुढच्या शनिवारी पुन्हा यायचं.