क्रमांक, रांग आणि कंपू : ऑनलाइन रेजिमेंटची पार्श्वभूमी

नेपोलियनच्या काळातील युद्धांवर आधारलेले संगणकीय खेळ जे नेमाने खेळतात, त्यांच्यापैकी पुष्कळ जण फार दिवस एकटे राहत नाहीत. थोड्याच आठवड्यांत ते एखाद्या ‘रेजिमेंट’मध्ये दाखल होतात, आपल्या टोपणनावामागे तिचा क्रमांक लावतात, ठरल्या वारी कवायतीला हजर राहतात आणि हुकूम मिळाल्याशिवाय बंदूक झाडत नाहीत. ज्या खेळात मोकळेपणाने धावता येते, आडोसा घेता येतो, हवे तेथून नेम धरता येतो, त्या खेळात माणसे स्वखुशीने उघड्या मैदानावर खांद्याला खांदा लावून का उभी राहतात, हा प्रश्न बाहेरून पाहणाऱ्याला पडल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर संगणकापासून बरेच मागे, ठासणीच्या बंदुकीपर्यंत जावे लागते.

अठराव्या शतकातील युरोपीय पायदळाची बंदूक चकमकीची होती आणि तिची नळी आतून गुळगुळीत होती. ‘ब्राउन बेस’ या नावाने ओळखली जाणारी ब्रिटिश बंदूक भरताना शिपायाला कागदी काडतूस दाताने फाडावे लागे, थोडी दारू रंजकासाठी पेल्यात टाकून उरलेली नळीत ओतावी लागे, वरून गोळी आणि कागद सारून गजाने ठासावे लागे. हे सगळे उभ्याउभ्या, शत्रू समोर दिसत असताना करायचे. चांगला तयार झालेला शिपाई मिनिटाला दोन किंवा तीन बार काढी. गोळी नळीत सैल बसत असल्यामुळे शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर धरलेला नेम लागणे हा बराचसा नशिबाचा भाग होता. म्हणून एकट्या नेमबाजापेक्षा शेकडो बंदुका एकाच वेळी एकाच दिशेने झाडणे उपयोगाचे ठरले, आणि त्यासाठी माणसे रांगेतच उभी करावी लागली. त्यातच घोडदळ अंगावर आले, तर बार भरत बसलेला एकटा शिपाई हमखास मरे. संगिनी रोखून एकमेकांना चिकटून उभ्या राहिलेल्या तुकडीवर मात्र घोडा सहसा चाल करीत नसे. तात्पर्य, रांग ही दिखाऊ शिस्त नव्हती. त्या बंदुकीच्या उणिवांवर माणसांनी काढलेला तो तोडगा होता.

पण रांगेत उभे राहणे माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. शेजारचा पडल्यावर त्याची जागा भरून काढायची, आणि पळायचे नाही, हे शिकवण्यासाठी जी संस्था घडली ती रेजिमेंट. ब्रिटनमध्ये आरंभी रेजिमेंट तिच्या कर्नलच्या नावाने ओळखली जाई, त्यामुळे कर्नल बदलला की नावही बदले. १७४०च्या दशकात हॉवर्ड आडनावाचे दोन कर्नल एकाच वेळी दोन रेजिमेंटचे प्रमुख होते, तेव्हा गणवेशाच्या बाह्यांची व कॉलरची दुमड ज्या रंगाची, त्यावरून एकीला ‘ग्रीन हॉवर्ड्स’ आणि दुसरीला ‘बफ हॉवर्ड्स’ म्हटले जाऊ लागले. १७५१च्या राजाज्ञेने क्रमांक पक्के झाले आणि ते निशाणांवर चढले. १७८२ मध्ये बहुतेक क्रमांकांना परगण्यांची नावे जोडली गेली. ३३वी रेजिमेंट अशा रीतीने यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगची झाली. पुढे तिचेच नेतृत्व आर्थर वेलस्लीकडे आले, तिच्यासह तो हिंदुस्थानात उतरला, आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून त्याचा मृत्यू झाल्यावर १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्या रेजिमेंटला त्याचे नाव दिले. १८८१च्या फेररचनेत जुने क्रमांक अधिकृतपणे निघाले, तरी शिपायांच्या बोलण्यात आणि भोजनगृहांतील चांदीच्या भांड्यांवर ते तसेच राहिले.

या अभिमानाखाली भीतीचा थरही होता, आणि तो विसरून हा इतिहास सांगणे मला योग्य वाटत नाही. १८०६ पर्यंत ब्रिटिश शिपायाची भरती साधारणपणे जन्मभरासाठी असे. त्या वर्षीच्या सुधारणेने पायदळात सात वर्षांची मुदत आली. चाबकाच्या फटक्यांची शिक्षा तर सैन्यात १८८१ पर्यंत चालू राहिली. आज जो खेळाडू ‘प्रायव्हेट’ (साधा शिपाई) ही पदवी अभिमानाने मिरवतो, त्याच्या नावाचा मूळ शिपाई पुष्कळदा गरिबीमुळे किंवा भरतीच्या बक्षिसाच्या मोहाने दाखल झालेला असे, आणि त्याला परत फिरण्याची मुभा नसे.

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार वाटतो तितका परका नाही. ‘पलटण’, ‘गारदी’, ‘कंपू’ हे शब्द युरोपीय कवायतीबरोबरच आपल्या भाषेत आले. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याची तुकडी याच पद्धतीने लढली. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन्य या सॅव्हॉयच्या सरदाराकडून कवायती पायदळ उभे करून घेतले, आणि त्याच्या ब्रिगेडींना ‘कंपू’, म्हणजे छावणी, म्हणत. एकजुटीने वागणाऱ्या टोळक्याला आज आपण कंपू म्हणतो, तेव्हा त्या शब्दात हीच छावणी दडलेली असते; ऑनलाइन रेजिमेंटला मराठीत याहून नेमके नाव मला सुचत नाही.

रांग मोडली की काय होते, हे दाखवणारा एक प्रसंगही आपल्याच मुलखातला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे मेजर जनरल वेलस्लीची शिंदे व भोसले यांच्या फौजेशी गाठ पडली. शिंद्यांचे कवायती पायदळ पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली होते, आणि त्याने अनपेक्षित सफाईने आपली आघाडी वळवून घेतली. ब्रिटिशांच्या उजव्या टोकाची चौकी तुकडी वाजवीपेक्षा अधिक उजवीकडे, थेट गावाच्या रोखाने सरकत गेली आणि तिच्यामागोमाग ७४वी हायलँडर्सही ओढली गेली. मुख्य रांगेशी संबंध तुटला, गावातील तोफा आणि बंदुका त्यांच्यावर वळल्या, आणि पाठोपाठ मराठ्यांचे घोडदळ आले. उरलेल्यांनी कसाबसा चौकोन रचला व १९व्या लाइट ड्रॅगून्स हे ब्रिटिश घोडदळ येईपर्यंत तो धरला. सुमारे पाचशेपैकी चारशेच्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली. कंपनी सरकारने त्या रेजिमेंटला पुढे ‘असई’ नावाचे सन्मानाचे जादा निशाण दिले.

अशा लढाया जिवाचा धोका न पत्करता पुन्हा मांडून पाहण्याची हौसही जुनी आहे. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी नकाशा, ठोकळे, फासे आणि पंच यांच्या साहाय्याने युद्धाचा खेळ रचला. वडिलांनी तो १८१२ मध्ये राजापुढे मांडला आणि मुलाने १८२४ मध्ये सुधारून प्रसिद्ध केला. सेनाप्रमुख म्युफलिंग यांनी तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलून धरला. विसाव्या शतकात लोक नकाशावरून मैदानावर आले. अमेरिकी यादवी युद्धाच्या शताब्दीनिमित्त १९६१ मध्ये मॅनॅसस येथे लढाईचे मोठे पुनर्दर्शन झाले; इंग्लंडमध्ये ब्रिगेडियर पीटर यंग यांनी १९६८ मध्ये ‘सील्ड नॉट’ ही संस्था स्थापली, आणि तिच्यातील हौशी मंडळी सतराव्या शतकातील रेजिमेंटांच्या नावाने आजही जमतात. २०१५ मध्ये वॉटर्लूच्या द्विशताब्दीला त्या मैदानावर हजारो लोक गणवेशात उतरले होते. या छंदाला पैसा लागतो, कारण लोकरी कोट, बूट आणि बंदूक यांचा खर्च मोठा असतो, आणि प्रवासही असतो. संगणकाने ही अट काढून टाकली.

‘माउंट अँड ब्लेड : वॉरबँड’ हा खेळ २०१० मध्ये आला, तेव्हा त्यात तलवारी, भाले आणि धनुष्ये होती. हौशी रचनाकारांनी त्यावर ‘माउंट अँड मस्केट’ नावाची बंदुकांची भर घातली, आणि त्यांच्याच ‘फ्लाइंग स्क्विरल’ या चमूने २०१२ मध्ये ‘नेपोलियॉनिक वॉर्स’ हा अधिकृत विस्तार प्रसिद्ध केला. एका मैदानावर दोनशेहून अधिक खेळाडू येऊ शकत होते. महत्त्वाचे म्हणजे बंदूक जुन्या बंदुकीइतकीच अडाणी ठेवलेली होती. नेम पसरलेला, बार भरायला वेळ, आणि भरताना जागेवर उभे राहणे भाग. जी अडचण प्रशियाच्या कवायत मास्तरांपुढे होती तीच खेळाडूंपुढे आली, आणि त्यांनीही तिच्यावर तेच उत्तर काढले.

तरीही खेळातले मरण तात्पुरते असल्यामुळे रांग आपोआप टिकत नाही. एकटा धावून गेलेला चलाख खेळाडू पुष्कळ बळी मिळवू शकतो. म्हणून ‘लाइनबॅटल’ नावाची ठरवून खेळायची लढाई जन्माला आली. तीत मेलेला खेळाडू त्या फेरीत परत येत नाही. रांग सोडून एकट्याने लढणाऱ्याला ‘रॅम्बो’ म्हणतात आणि ते निषिद्ध मानले जाते. रांगेबाहेरून झाडलेली गोळी नियमबाह्य ठरते, आणि हल्ल्यासाठी धावताना गोळी झाडण्यावरही बंदी असते. विरळ अंतर ठेवून लढण्याची मुभा हलक्या पायदळाला व ९५व्या रायफल्ससारख्या हिरव्या गणवेशातील तुकड्यांना मिळते, आणि इतिहासातही ती त्यांनाच होती. हे नियम संगणक पाळून घेत नाही; पंच म्हणून नेमलेला माणूस पाहतो आणि चूक करणाऱ्याला तेथल्या तेथे बाद करतो. राइसविट्झच्या टेबलाजवळचा पंच असा पुन्हा भेटतो.

भरतीचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. इच्छुकाने एक अर्ज भरायचा, डिस्कॉर्ड या गटाने बोलण्याच्या ॲपवर (पूर्वी टीमस्पीकवर) आवाजाची चाचणी द्यायची, टोपणनावाला क्रमांक आणि हुद्दा जोडायचा, आणि काही लढायांना हजेरी लावून ‘रिक्रूट’चा ‘प्रायव्हेट’ व्हायचे. पहिल्या कवायतीची रात्र मला फार बोलकी वाटते. रिकाम्या मैदानावर पंधरा-वीस आकृत्या सरळ रेषेत येण्याची धडपड करीत असतात, कोणी अर्धा पाऊल पुढे असतो, एखाद्याचा मायक्रोफोन चालू राहिल्याने घरातील भांड्यांचा आवाज येतो, आणि सार्जंट झालेला विद्यार्थी शांतपणे प्रत्येकाला नावाने हाक मारून जागेवर आणतो. ‘मेक रेडी, प्रेझेंट’ या दोन हुकुमांनंतर सगळे श्वास रोखून थांबतात. ‘फायर’ होताच धुराची एकच भिंत उठते. अनेक महिने एकट्याने नेम धरण्याचा सराव केलेल्या माणसालाही आपली गोळी कोणाला लागली हे तेव्हा कळत नाही, आणि या खेळाचे खरे सुख तेथेच सुरू होते.

पुढील खेळांनी हा वारसा पुढे नेला. ‘होल्डफास्ट : नेशन्स अॅट वॉर’ २०१७ मध्ये प्राथमिक रूपात आणि २०२० मध्ये पूर्ण रूपात आला, कित्येक गट आपला क्रमांक, निशाण आणि हजेरीपट घेऊनच त्यात उतरले. अमेरिकी यादवी युद्धावरील ‘वॉर ऑफ राइट्स’ २०१८ पासून खेळला जातो. १८६२च्या मेरीलँड मोहिमेचे मैदान त्यात बारकाईने रेखाटले आहे, आणि रांगेबाहेर मेलेल्या शिपायामुळे आपल्या बाजूचे मनोधैर्य अधिक खचते, अशी योजना खेळाच्या रचनेतच आहे. जे काम पूर्वी पंच करी, त्यातले काही येथे आकडेमोडीवर सोपवले गेले. त्यातील कंपन्यांचे अधिकारी कवायतीसाठी हार्डी यांचे १८५५चे नियमपुस्तक उघडून बसतात, आणि ते वाचणारे पुष्कळ जण इतिहासाचे विद्यार्थी नसतात.

पुणे किंवा नागपूरहून दाखल होणाऱ्याची मोठी अडचण घड्याळाची आहे. ब्रिटिश गटाची लढाई तेथील रात्री आठला ठरली, तर आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. सर्व्हर युरोपात असल्याने संगिनीच्या झटापटीत आपला वार उशिरा पोहोचतो. बंदुकीच्या रांगेत मात्र हा उशीर तितका जाणवत नाही, कारण हुकूम ऐकून सगळ्यांबरोबर चाप ओढायचा असतो. म्हणून दूरदेशीच्या नवख्याला बहुधा रांगेच्या मधल्या भागात, दोन जुन्या शिपायांच्या बरोबर मध्ये जागा मिळते.