शेंगदाण्यातले विष: खरी लढाई काढणीनंतरच्या आठवड्यात

शेंगदाण्यावर पिवळसर हिरवी पूड दिसली, तर ती बहुधा अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी. तिच्यातून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन यकृत पोखरते; वर्षानुवर्षे थोडेथोडे पोटात गेले तर यकृताचा कर्करोगही होऊ शकतो. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखाच्या घरात टर्की पक्षी मेले आणि दोष निघाला खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीत. तिथूनच या विषाचा शोध लागला. भाजून किंवा उकडून ते पुरते जात नाही.

बुरशी मुळात मातीतली. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पिकाला पाण्याचा ताण बसला आणि जमीन तापली, की ती शेंगेत शिरते. वाळवीने कुरतडलेली किंवा खुरप्याने दुखावलेली शेंग तर तिला उघडे दारच. पाण्याची सोय असेल तर याच काळातली पाळी चुकवू नये.

पण बहुतेक नुकसान होते ते उपटल्यानंतर. ताज्या शेंगेत ३५ ते ५० टक्के ओलावा असतो. तो ८ टक्क्यांपर्यंत लवकरात लवकर उतरायला हवा. वेल उपटून लगेच ढीग घातला की आत ऊब धरते आणि बुरशीला हवे ते सगळे मिळते. त्यापेक्षा वेल उलटे, शेंगा वर करून ओळीने पसरा. शेंगा तोडल्यावर ताडपत्रीवर पातळ थर द्या, दिवसातून दोन-तीनदा हलवा, संध्याकाळी झाका. शेंग कानाशी हलवल्यावर दाणा खुळखुळला, की वाळत आल्याची खूण. पोत्यात भरण्याआधी मात्र ओलावामापकाने खात्री करावी.

इतके करूनही एका सवयीने सगळे वाया जाते: टरफल मऊ पडावे म्हणून फोडण्याआधी शेंगांवर पाणी मारणे. त्याने वाळलेला दाणा पुन्हा ओला होतो. कोरड्याच फोडा, चार दाणे जास्त फुटले तरी चालतील.

पोती फळ्यांवर, भिंतीपासून हात-दीड हात लांब रचा. विष बहुधा थोड्याच दाण्यांत एकवटलेले असते, म्हणून सुरकुतलेले, काळपट, बुरसट दाणे वेचण्याचा फायदा मोठा. ते घाण्याला मात्र देऊ नका. विषाचा बराचसा भाग पेंडीत राहतो, आणि ती पेंड खाल्लेल्या गायी-म्हशींच्या दुधात दुसऱ्याच दिवशी अफ्लाटॉक्सिन एम-१, म्हणजे जनावराच्या शरीरात बदललेले याच विषाचे रूप, उतरू शकते. वेचलेला माल खोल पुरून टाका.