‘नस सुकली’ म्हणजे नेमकं काय?

“जन्मापासून ऐकू येत नाही म्हणजे कानाची नस सुकली, आता इलाज नाही.” यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत लेकराच्या आईला हे सर्रास ऐकवतात. बहुतेकदा ते चूक असतं. अशा बहुतांश लेकरांत बिघाड असतो तो आतल्या कानातल्या, शंखाच्या आकाराच्या भागातल्या आवाज टिपणाऱ्या बारीक केसपेशींत. मेंदूकडे जाणारी नस शाबूत असते, आणि ऑपरेशन करून कानात बसवायचं कॉक्लिअर इम्प्लांट हे यंत्र या पेशींना वगळून थेट तिलाच विजेचे संकेत देतं. थोड्या लेकरांत नस खरंच बारीक असते किंवा नसतेच. तिथं फायदा कमी. ते एमआरआयमध्ये दिसतं. ‘बापही उशिराच बोलला होता’ म्हणून शेतातला कापूस निघेपर्यंत थांबू नका, आधी बेरा (आवाजाचा संकेत नसेतून मेंदूकडे पोचतो का ते पाहणारी) तपासणी करा. पहिल्या ३ वर्षांत मेंदू भाषा सर्वांत झपाट्यानं शिकतो. ऑपरेशननंतर स्पीच थेरपीही (ऐकायला-बोलायला शिकवणं) बराच काळ लागते.