टॅग नसलेलं मशीन कुठे जातं?

सोलापुरी चादरी आणि टॉवेल ऑनलाइन विकणारं एक दुकान घ्या. एरवी त्याची वेबसाइट चार-पाच व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे क्लाउड कंपनीकडून इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या आभासी संगणकांवर, निवांत चालते. दिवाळी जवळ आली की ऑर्डरी वाढतात, क्लाउड आपोआप आणखी मशीन उभी करतो आणि गर्दी ओसरली की ती काढूनही टाकतो. ही मशीन असतात ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या, २०१६ साली सुरू झालेल्या मुंबई केंद्रात. त्यांची देखभाल करणारी मुलगी मात्र सोलापुरात, होटगी रोडवरच्या ऑफिसात बसलेली.

तिच्या हाताशी ॲन्सिबल आहे, म्हणजे अनेक मशीनवर एकच काम एकदम करून घेणारं सॉफ्टवेअर. मायकेल डीहान यांनी २०१२ साली आणलेलं हे साधन एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या नेहमीच्या मार्गाने, थेट मशीनशी जोडलं जातं. लिनक्स मशीनवर त्यासाठी एजंट, म्हणजे कायम चालू राहणारा वेगळा मदतनीस प्रोग्राम, बसवावा लागत नाही. पण कोणत्या मशीनशी जोडायचं, हे त्याला इन्व्हेंटरीतून, म्हणजे यादीतून कळतं. हाताने लिहिलेली यादी सकाळी बरोबर असली तरी संध्याकाळी चुकलेली असू शकते. म्हणून डायनॅमिक इन्व्हेंटरी: काम सुरू होताना ॲन्सिबलचा प्लगइन (जोड-प्रोग्राम) क्लाउडलाच विचारतो, आत्ता कोणकोणती मशीन आहेत?

नुसती यादी मिळून भागत नाही. वेब सर्व्हरचं काम डेटाबेसवर चाललं तर भर सणात दुकान बंद पडेल. इथे टॅग, म्हणजे क्लाउडमध्ये मशीनला चिकटवलेल्या नाव-मूल्याच्या चिठ्ठ्या, कामाला येतात. मशीनवर ‘रोल’ या नावाचा टॅग आणि त्याचं मूल्य ‘वेब’ असेल, तर प्लगइनमधल्या ‘कीड ग्रुप्स’ (keyed groups) या सोयीने ‘रोल_वेब’ असा गट आपोआप तयार होतो. उद्या नवं मशीन आलं की तेही त्याच गटात जाऊन बसतं. आयपी पत्ता कुणालाच पाठ ठेवावा लागत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण मशीन कशासाठी आहे ही माहिती कुणाच्या तरी वहीत न राहता मशीनसोबतच राहते.

पण खरा धोकाही इथेच आहे. टॅगच नसेल तर? नेहमीच्या सेटिंगमध्ये ॲन्सिबल तक्रार करत नाही. ते मशीन ‘रोल_वेब’मध्ये येत नाही, एवढंच. सुरक्षेचा पॅच (दुरुस्ती) बाकी सगळ्यांना मिळतो, हे एक तसंच राहतं आणि पडद्यावर सगळं हिरवं दिसतं. स्पेलिंगचंही तसंच. इंग्रजीत पहिलं अक्षर एका टॅगमध्ये मोठं आणि दुसऱ्यात लहान असेल, तर एकाच कामाचे दोन गट होतात.

यावर उपाय आहे. अट घालून गट करण्याची सोय प्लगइनमध्ये आहे, तिचा वापर करून ‘ज्यावर रोल टॅग नाही’ अशा मशीनचा एक वेगळा गट करायचा. काम चालवण्याआधी इन्व्हेंटरीचा ग्राफ, म्हणजे कोणत्या गटात कोणती मशीन आहेत याचा आराखडा, काढून पाहायचा. त्या गटात एक जरी नाव दिसलं तरी थांबायचं. मी तर हा गट पहिल्याच दिवशी करायला सांगेन, बाकीचे नंतर.

आणि असं मशीन सापडलं तर नुसता त्याच्यावर टॅग लावून मोकळं होऊ नये. गर्दीत मशीन वाढवणाऱ्या ऑटो स्केलिंग ग्रुपला लावलेला टॅग नव्या मशीनपर्यंत पोहोचवायचा की नाही, याची वेगळी खूण असते. ती बंद असेल, तर दिवाळीत येणारं पुढचं प्रत्येक मशीन त्या टॅगविनाच जन्माला येईल.