एमडी-एमएसचा थिसिस: आमच्याकडे कधी यायचं, काय घेऊन यायचं

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कॉलेजांत एमडी किंवा एमएसला नुकत्याच रुजू झालेल्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी हे पत्रक आहे. जेआर-२, जेआर-३ म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटनीही वाचायला हरकत नाही, पण त्यांच्यासाठी यातल्या काही गोष्टींची वेळ निघून गेलेली असेल.

आमच्याकडे थिसिसचं संख्याशास्त्र, टायपिंग-मांडणी आणि बाइंडिंग अशी तिन्ही कामं होतात. बहुतेक जण आम्हाला बाइंडिंगवाले म्हणून ओळखतात आणि शेवटच्या पंधरवड्यात येतात. तेव्हा आम्ही पानं सरळ करून देऊ शकतो, अभ्यास सरळ करून देऊ शकत नाही. म्हणून पहिली विनंती: सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, लिहितानाच एकदा येऊन जा. त्या पहिल्या भेटीचे पैसे आम्ही घेत नाही.

वेळेचा हिशोब

कोर्स तीन वर्षांचा दिसतो, पण थिसिसला तीन वर्षं मिळत नाहीत. नियमाप्रमाणे थिसिस अंतिम परीक्षेच्या किमान सहा महिने आधी जमा व्हावा लागतो. तो तीन परीक्षकांकडे जातो, एक अंतर्गत आणि दोन बाहेरचे, आणि निदान दोघांनी मान्य केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. सुरुवातीचे काही महिने विषय, सिनॉप्सिस आणि एथिक्स कमिटीत जातात. मध्ये तीन महिने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी असते, त्या काळात तुम्ही जिल्हा रुग्णालयात आणि तुमचे पेशंट इथे. मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटच्या माहितीचा तक्ता) आणि लिखाणाला दोन-तीन महिने धरा. पेशंट गोळा करायला हातात उरतं जेमतेम दीड वर्ष, तेही नाइट ड्युट्या सांभाळून. विषय निवडताना हा हिशोब डोक्यात असू द्या. वर्षाला पाच केसेस येणाऱ्या आजारावर थिसिस घ्यायचा मोह वाईट.

बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन कोर्सही पहिल्याच वर्षात उरकून टाका. त्याच्या प्रमाणपत्राशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. पोस्टर, परिषदेतला पेपर किंवा प्रकाशित लेख यांबद्दल तुमच्या बॅचला नेमकं काय लागू आहे ते पीजी सेक्शनमध्ये जाऊन विचारा. सिनियरच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका, त्यांच्या वेळचा नियम वेगळा असू शकतो.

सँपल साइझ

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा, एखादी गुंतागुंत मधुमेही पेशंटपैकी ३० टक्क्यांत आढळते, असं आधीच्या एका अभ्यासात आलंय. तुम्हाला तुमच्या ओपीडीत तिचं प्रमाण बघायचंय. नेहमीचं सूत्र असं: ३.८४ गुणिले ०.३० गुणिले ०.७०, आणि येईल त्याला, जेवढी चूक चालेल तिच्या वर्गाने भागायचं (५ टक्के चूक म्हणजे ०.०५). चूक ५ टक्के धरली तर ३२३ पेशंट लागतात. १० टक्के धरली तर ८१. आणि गाइड म्हणाले, ‘२० टक्के रिलेटिव्ह धर’, तर ३०चे २० टक्के म्हणजे ६, आणि उत्तर येतं २२४. विषय एकच, ओपीडी एकच, आकडे तीन. सिनॉप्सिसमध्ये नुसतं ‘५ टक्के एररने’ लिहिलं की परीक्षक हमखास विचारतो, अॅब्सोल्यूट की रिलेटिव्ह? म्हणजे सरळ ५ टक्के, की त्या ३० टक्क्यांचे ५ टक्के? तेव्हा तिथेच स्पष्ट लिहा, आणि ३० टक्के कुठल्या अभ्यासातून घेतले तो संदर्भही द्या.

येताना ओपीडी किंवा वॉर्डच्या रजिस्टरवरून गेल्या वर्षी अशा केसेस किती आल्या, ते मोजून आणा. ‘भरपूर येतात’ यावर गणित होत नाही. अर्ध्यात फॉलोअप सोडणाऱ्यांसाठी दहा टक्के जास्तीचे धरतो: ८१ हवे असतील तर ९० घ्यायचे.

एथिक्स कमिटी आणि सीटीआरआय

कमिटीची मंजुरी हातात यायच्या आधी घेतलेला पेशंट अभ्यासात धरता येत नाही. मागाहून मंजुरी मिळत नाही. नंतर शीर्षक किंवा पद्धत बदललीत तर पुन्हा कमिटीकडे जायचं, नुसतं गाइडच्या कानावर घालून भागत नाही. तुम्ही पेशंटला औषध देऊन किंवा काही प्रक्रिया करून तुलना करणार असाल तर सीटीआरआयमध्ये, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीत, नोंदणी लागते. १ एप्रिल २०१८ पासून तिथे नोंदणी फक्त पहिला पेशंट घेण्याआधीच होते. फॉर्म लांबलचक आहे आणि शंका काढून परत पाठवतात, तेव्हा मंजुरी आली की त्याच आठवड्यात भरायला घ्या. भरताना अडलात तर शेजारी बसून मदत करू. लॉगिन मात्र तुमचंच राहील.

संमतीपत्र मराठीत हवं, आणि पेशंट हिंदी किंवा कानडी बोलणारे असतील तर त्या भाषेतही. मराठी आम्ही करून देतो. वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवावं आणि त्यांना कळावं, इतपत सोपं.

मास्टर चार्ट

एक्सेलमध्ये एका पेशंटची एक ओळ, एका माहितीचा एक रकाना. एवढं पाळलंत तरी आमचं निम्मं काम होतं. प्रत्यक्षात काय येतं? लिंगाच्या रकान्यात ‘पु.’, ‘पुरुष’ आणि ‘मेल’ असे तिन्ही प्रकार, मग संगणक तिघांना वेगवेगळे धरतो. हिमोग्लोबिनच्या रकान्यात ‘११.२ ग्रॅम’, म्हणजे तो आकडा राहिला नाही, मजकूर झाला. बीपी एकाच रकान्यात १३०/८०. सगळ्यात वाईट गत बाळांच्या अपगार स्कोअरची, म्हणजे जन्मल्याबरोबर बाळाच्या तब्येतीला देतात त्या गुणांची. एका मिनिटाला ७ आणि पाच मिनिटांना ९ म्हणून ७/९ टाइप केलं की एक्सेल त्याची ७ सप्टेंबर करून टाकतं. शंभर बाळांचा चार्ट तारखांनी भरतो आणि पुन्हा केस पेपर काढत बसावं लागतं. दोन मोजमापं, दोन रकाने. आमच्याकडे कोरा चार्ट तयार मिळतो, पहिल्या दहा पेशंटनंतर एकदा दाखवून जा.

आम्ही काय करत नाही

आकडे ‘बसवून’ देत नाही. न पाहिलेले पेशंट चार्टमध्ये घालत नाही. पी व्हॅल्यू ०.०५च्या खाली, म्हणजे फरक ‘सिग्निफिकंट’ ठरेल इतकी, आणून द्या, अशी विनंतीही कृपया करू नका. दोन औषधांत फरक दिसला नाही, हाही निष्कर्षच असतो आणि त्यावरून थिसिस नापास होत नाही. चर्चेचं प्रकरणही तुमचं तुम्हीच लिहायचं. आम्ही भाषा आणि व्हॅनकूव्हर पद्धतीचे (क्रमांक देऊन लिहिलेले) संदर्भ तपासून देऊ.

सिमिलॅरिटीबद्दल, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणाऱ्या मजकुराबद्दल: यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. त्याच्या वर, ४० टक्क्यांपर्यंत, थिसिस दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो. सिनियरच्या थिसिसमधलं पूर्वसाहित्य उचलण्याची प्रथा जुनी आहे, पण सॉफ्टवेअरला ते लगेच सापडतं. वाक्यातले शब्द इकडचे तिकडे करून देण्याचं काम आम्ही घेत नाही.

बाइंडिंग

प्रती किती, रंग कोणता, सॉफ्ट कॉपी कशी, हे विद्यापीठाच्या चालू परिपत्रकाप्रमाणे. ते सोबत आणा. गाइड, विभागप्रमुख आणि डीन यांच्या प्रमाणपत्रांवर सह्या-शिक्के झाल्यावरच पानं आमच्याकडे द्या. एकदा बांधलेल्या थिसिसमधलं पान बदलायचं म्हणजे अख्खी प्रत उसवावी लागते, आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. डीन रजेवर जाणार नाहीत ना, हे आठवडाभर आधी ऑफिसात विचारून ठेवा.